धोंड्याच्या महिन्यातली सहल

भोकरदन,
१७ मे १९९९

उषा,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो आहे. पौषात घरच्यांनी तुला परतवाड्याला मावशीकडं नेऊन सोडलं, तेव्हापासून पत्रं टाकतोय आणि गप्प बसतोय. मावशी तुला देते का चुलीत घालते, देव जाणे. पण आज न लिहून राहवणार नाही.

आज इंद्रभान स्टँडवर आल्ता. तुझा भाऊ. दिवाळीत ज्यानं चार पोरं घेऊन माझा उजवा हात मोडला तोच. मी जीपच्या बॉनेटवर बसून चहा पीत होतो. त्याला बघून माझं डोकं तापायला लागलं, पण तो हसतच आला.

"बिऱ्या, हात कसाय?"

"गिअर दुसऱ्या हातानं टाकतेत," मी म्हणलो.

"मंग बराबर. गाडी पायजे. चिखलदऱ्याला जायचंय. दोन मुक्काम. घरचेच माणसं."

मला आधी वाटलं, टवाळी करतोय. पण तो तातेरावकडं गेला, गाडीमालकाकडं. तारीख पक्की केली आणि तातेरावनं आतूनच ओरडून विचारलं, "ड्रायव्हर कोणता देऊ?" तर इंद्रभान म्हणतो, "बिरूच द्या. आण्णानं नाव घेऊन सांगितलंय."

नाव घेऊन! तुझ्या वडलांनी. ज्या माणसानं मला बघून रस्ता बदलला, दारासमोरून माझी गाडी गेली तर पाणी मारून धूळ बसवली, त्यानं माझं नाव घेतलं.

पुढचं ऐक. जाताना इंद्रभाननं माझ्या खांद्यावर हात टाकला आणि म्हणाला, "यंदाचे धोंडे चिखलदऱ्यालाच. चला पाव्हणं, धोंडे खायला."

स्टँडवरचे सगळे ड्रायव्हर हसले. कचऱ्या तर चहा सांडून हसला. हसू देत. धोंडे कोणाला खाऊ घालतेत हे मला समजत नाही का? परतवाडा वाटेतच आहे. तुला तिथून घेणार, वर नेणार. आण्णासाहेबांना गावात लग्न लावायची लाज वाटत असंल, म्हणून डोंगरावरच्या एखाद्या देवळात उरकतील. मला चालतं. मला कुठंही चालतं.

तुला घाटाची भीती वाटते ना. अजिंठ्याच्या घाटात तू मागं बसून डोळे मिटून घेतले होते, आरशात मला दिसत होतं. मी ती गाडी कशी उतरवली ते तुला माहीत आहे.

तुझाच,
बिरू

•

भोकरदन,
२४ मे १९९९

उषा,

आज तुमच्या घरी गेल्तो. उंबऱ्याच्या आत. रस्ता ठरवायला आण्णांनी बोलावलं होतं.

ओसरीवर सतरंजी टाकलेली. आण्णा भिंतीला टेकून, इंद्रभान चिखलदऱ्याचा रंगीत कागद घेऊन. त्यात पॉइंटांची चित्रं, खाली दरी, आणि मेळघाटच्या जंगलाचा नकाशा. कागदावर वाघ होता. इंद्रभानला वाघच बघायचा आहे.

"सेमाडोहला आधी जाऊ," तो म्हणाला. "सकाळी वाघ पाण्यावर येतो."

"तुझ्यासाठी वाघ काय मळ्यातली म्हैस हाये का, टायमावर पाण्यावर यायला?" आण्णा म्हणाले. "आधी शेगावला दर्शन. मंग परतवाडा. मंग वर."

"आण्णा, देव कुठं पळून चाललाय? येताना करू की."

"येताना कोणाची काय अवस्था असती कोणाला ठाऊक. देव आधी."

मी म्हणलो, "परतवाड्याहून वर जायला दोन रस्ते हायेत. एक धामणगावावरून, सरळ चिखलदरा. दुसरा घटांगवरून, जंगलातून. सेमाडोह करायचं असंल तर एकानं चढा अन् दुसऱ्यानं उतरा. दोन्हीकडं घाट हाये."

आण्णांनी पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. नीट बघितलं, जसं बैल घ्यायच्या आधी बघतेत.

"कोणत्या रस्त्यानं उतरायचं ते वर गेल्यावर बघू," ते म्हणाले. "घाटात हळू घ्यायची. समजलं? माझी सगळी इस्टेट त्या गाडीत असणार हाये."

इस्टेट म्हणजे तू.

पण एक सांगतो. तुझी आई माझ्याकडं बघेना. द्वारकाकाकू एरवी रागानं तरी बघायच्या. आज पाणी आणून ठेवलं आणि पदर तोंडाला लावून आत गेल्या. मी दारातून बघितलं, आत पत्र्याचा डबा तुपाचा हात फिरवून ठेवला होता, धोंड्यासाठी. चांदीचं निरांजन ताटात. बाजूला पँट-शर्टाचं कापड, जुन्या जालन्यातल्या दुकानाच्या पिशवीत. इंद्रभाननं मला बघताना बघितलं.

"काय पाव्हणं, कंबर किती तुमची?"

मी सांगितली. तो आत जाऊन हसला. खूप वेळ हसत होता. आनंदाचं हसू असं असतं का, सांग. मी विचार करायचा नाही असं ठरवलंय. विचार करायला लागलो की हात शिवशिवतात. जालन्याला कॉलेजात तेच झालं. त्या पोरानं तुझं नाव घेतलं, मी त्याला कापडबाजारात गाठून बडवला. प्राचार्य म्हणाले, माफी माग आणि परीक्षेला बस. मी दप्तर तिथंच सोडून बसस्टँड गाठलं. परतीच्या बसमध्ये तू शेजारी बसून म्हणाली होतीस, "तुला दोन शब्द बोलायला काय होत होतं?" मला अजून ठाऊक नाही काय होत होतं.

काकू मला बाहेर सोडायला आल्या तेव्हा हळूच म्हणाल्या, "तू येऊन राह्यला ते खरं ना? शेवटाला पलटू नको."

बघ. त्यांनाही मीच पाहिजे आहे.

बिरू

•

भोकरदन,
२८ मे १९९९

उषाबाई,

बाईच म्हणतो आता. मंगळसूत्रवाली बाई.

माय ज्वारी निवडत होती. मी कपडे भरत होतो, पांढरा शर्ट तिच्याकडून धुऊन घेतला होता. तिनं विचारलं, "एवढा शर्ट कशाला?" मी सांगून टाकलं. लग्न आहे माझं, म्हणलो. डोंगरावर.

जयवंताबाई म्हणजे माझी माय, तुला ठाऊक आहे, आवाज चढवत नाही. सुपातले खडे बाजूला करत म्हणाली, "या महिन्यात?"

"हां."

"धोंड्याच्या महिन्यात लगीन लागत न्हाई रे. कोण्या कुणब्याच्या घरात लागलंय? आण्णासाहेब तर या महिन्यात विहिरीला कुदळ बी लावत न्हाई."

"मंग धोंडे कशाला करून राह्यले?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"धोंडे झालेल्या जावयाला देतेत, बिरू. व्हायच्या जावयाला न्हाई."

मी तिथंच बसलो. ती बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. वैशाखात तुमच्या घरचे सगळे परतवाड्याला गेले होते, मावसबहिणीचं लग्न म्हणून. मावसबहीण नव्हती. तू होतीस. अमरावतीचा आहे म्हणे, पाटबंधारे खात्यात. रामकिसन नाव. मायला ठाऊक होतं. स्टँडवर सगळ्यांना ठाऊक होतं. चहा सांडून हसत होते ते उगाच का. पाव्हणं, कंबर किती! मी माझी कंबर सांगितली, उषा. त्याच्या पँटीच्या कापडासमोर उभा राहून सांगितली.

पुढं काय झालं ते तुला इंद्रभान सांगेलच, म्हणून मीच सांगतो. मी तुमच्या दारात गेलो. इंद्रभानची कॉलर धरली. त्याच्या तोंडातून रक्त आलं, माझ्या हातावर त्याचे दात लागलेत. सोडवायला गल्ली जमली. आण्णा ओसरीवरून उठले नाहीत. एवढंच म्हणाले, "इंद्रभान, तातेरावला सांग. ड्रायव्हर बदला."

तातेरावनं मला शिवी दिली नाही. हात पुढं केला. "चावी कचरूला दे."

आमच्या स्टँडवर एक रीत आहे. ती कागदावर कुठं नाही, पण मोडत कोणी नाही. चावी देताना गाडीची खोड सांगायची. प्रत्येक जुन्या गाडीला खोड असते. एखादी ऊन झाली की बंद पडते, एखादीचं स्टेअरिंग डावीकडं ओढतं. रोज चालवणाऱ्याला ते अंगात मुरलेलं असतं, नव्याला ठाऊक नसतं. दुश्मन असला तरी सांगायची. चावी घेणारा विचारतोच.

कचऱ्यानं विचारलं, "काही खोड?"

मी म्हणलो, "काही न्हाई. लोण्यावाणी चालती."

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "मनाला लावून घेऊ नको यार. हसलो ते हसलो."

या गाडीला खोड आहे. कोणती ते तुलाही सांगत नाही. सपाट रस्त्यावर कळणारही नाही. उद्या सकाळी निघतील ते. शेगावला नारळ फोडतील. मावशीच्या दारात तू नवी साडी नेसून उभी असशील, बाजूला तो, माझ्या कंबरेच्या कापडाची पँट घालून. बसा गाडीत. मागं बस आणि डोळे मीट. आरशात आता मी नसणार.

वर जाणं सोपं असतं.

बिरू

•

बुलढाणा बसस्टँड,
२९ मे १९९९, शनिवार

उषा,

कालचं पत्र टपालात पडलंय. ते तुला मिळेल तेव्हा मिळेल. हे मी कुठं टाकणार, मलाच ठाऊक नाही. बस लागायची आहे, हात रिकामा ठेवला तर काहीतरी होईल म्हणून लिहितोय.

सकाळी गाडी गेली. मी धाब्यावरून, म्हणजे आमच्या माळवदावरून बघितली. कचऱ्या, पुढं आण्णा, मागं इंद्रभान सुजलेलं तोंड घेऊन. काकू नव्हत्या. मला बरं वाटलं. खरं सांगतो, बरं वाटलं. मग भाकरी खाल्ली. दुसरी तशीच कुत्र्याला टाकली.

ऊन चढल्यावर काकू आल्या. आमच्या दारात. तुझी आई आमच्या दारात! गुडघे दुखतेत म्हणून त्या सहलीला गेल्या नव्हत्या, एवढं चालत आल्या. मायनं घोंगडी टाकली, त्या बसल्या नाहीत.

"तू हितं कसा?" मला म्हणाल्या. "गाडी कोण घेऊन गेलं?"

"कचरू."

"अरे देवा." त्यांनी चौकट धरली. "मला वाटलं, सकाळी तुला बोलावून घेतलं असंल आण्णानं. मी आतच होते देवापशी. पोरीला काय सांगू मी आता?"

"तिला काय सांगायचं? नवरा हाये की सांगायला."

मायनं माझ्या पाठीत धपाटा घातला. मोठा झाल्यापासून पहिला.

काकू रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तिनंच हट्ट धरल्ता, बिरू. पहिला धोंड्याचा महिना, जावयाला घरी आणायला पायजे. पण घरी आणलं अन् तू दारात आला तर? म्हणून डोंगराचं काढलं. तर पोरगी म्हणली, घाटात मी कोणाच्याबी गाडीत बसणार न्हाई. बिरू चालवणार असंल तर येईन. त्याच्या हातावर माझा भरोसा हाये. आण्णा आठ दिवस बोलले न्हाईत तिच्यासंगं. मंग म्हणले, येऊ दे त्याला, डोळ्यानं बघंल तर थंडा पडंल."

मी खाली बसलो, काकू सांगतच होत्या.

"अन् तुझ्यासमोर उभं राहून तिला सांगायचं व्हतं. पत्रानं न्हाई. तुझी पत्रं माझी बहीण देते तिला. ती वाचती. म्हणली, आई, तो असा लिहितो की मी अजून बसमधीच बसलेली हाये. त्याला सांगायला पायजे की मी उतरले."

तू उतरलीस.

उषा, मी चप्पल न घालता एसटीडीवर पळालो. मावशीच्या शेजारच्या दुकानाचा नंबर काकूंना पाठ होता. लागायला दुपार गेली. मावशी आली फोनवर, धापा टाकत. "अगं बाई, आत्ताच निघाले की वर. शेगावलाच उशीर झाला. जेवणं करून गेले." मी ओरडलो, गाडी कशी होती? ती म्हणाली, "मला काय कळतंय? तो ड्रायव्हर म्हणत व्हता, ब्रेक जरा नरम लागतोय. जावई म्हणले, वर जाऊन बघू. हसत खेळत गेले."

शेगावच्या वाटेवरचा बोथ्याचा घाट उतरून गेले म्हणजे. तो छोटा आहे. कचऱ्याचं नशीब, पुढं ट्रक असेल हळू जाणारा.

तुला कचऱ्याची सवय ठाऊक नाही. उतार लागला की तो गाडी न्यूट्रल करतो. डिझेल वाचतं म्हणून. तातेराव त्याचं कौतुक करतो. मी त्याच्या बाजूला बसून कितीदा ते बघितलंय, आणि चावी देताना मला ते आठवलं होतं. हे लिहायचं नव्हतं. लिहिलं.

मी तुला मारायला निघालो नव्हतो. मी नुसता गप्प बसलो. गप्प बसणं हे काय करणं आहे का, असं सकाळपासून स्वतःला विचारतोय. बस लागली. बाजूचा म्हातारा विचारतोय, "पाव्हणं, कुठं?" तो शब्द ऐकून मी बाकावरून उठलो.

•

परतवाडा,
रविवार, दुपार

उषा,

सगळ्यांत आधी हे कचऱ्याला वाचून दाखव. गाडी चालू असेल तर आधी थांबवायला लाव, कडेला, डोंगराच्या बाजूला. सगळे खाली उतरा, मग वाच.

कचऱ्या, या गाडीचा ब्रेक पहिल्या दाबाला पोकळ जातो. पाय सोडून लगेच दुसऱ्यांदा दाबला की धरतो. उतारावर सारखा वापरला, गाडी तापली, की दुसऱ्या दाबालाही धरत नाही. मी दोन महिने तसाच चालवतोय, तातेरावला सांगून थकलो. घाट उतरताना दुसरा गिअर, त्याच्या वर नाही. न्यूट्रल तर बिलकुल नाही. मी कधी ती खोड घेऊन घाट उतरलो नाही. मी तुला खोटं सांगितलं. लोण्यावाणी चालत नाही ती. आता तर उतरवूच नको. तिथंच सोडा, एसटीनं खाली या.

उषा, तुम्ही थांबला त्या लॉजचा फोन लागत नाही. सकाळी मावशीकडं गेलो, तिनं मला घरात घेतलं नाही, पण सांगितलं की आज दुपारून तुम्ही उतरणार, दुसरा मुक्काम तिच्याकडं. कोणत्या रस्त्यानं, तिला ठाऊक नाही. आण्णा वर गेल्यावर ठरवणार होते. इंद्रभानच्या मनात वाघ आहे म्हणजे घटांगवरून. आण्णांना उजेडात परतवाड्याला यायचं असेल तर धामणगावावरून. मी दोन्ही रस्ते एकाच वेळी चढू शकत नाही.

म्हणून हे पत्र दोनदा लिहिलंय. इथल्या स्टँडवर जीपवाल्यांना सगळं सांगितलं. मी काय केलं तेही. त्यांतला एक माझ्या तोंडावर थुंकला आणि मग त्यानं माझ्या हातातून पत्र घेतलं. तो धामणगावच्या रस्त्यानं चाललाय, समोरून येणारी प्रत्येक कमांडर जीप थांबवणार म्हणाला. लाकडाच्या ट्रकवाल्यानं मला घटांगच्या बाजूनं बसवून घेतलंय. दुसरं पत्र माझ्या खिशात आहे. मी भेटलो तर ते लागणार नाही, पण मला बघून इंद्रभान गाडी थांबवू देणार नाही, उलट जोरात घ्यायला लावेल. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. म्हणून मी रस्त्यात दगड लावणार आहे. दगडासमोर नाही थांबला तर मी उभा राहीन.

आत्ता स्टँडवर वरून एक एसटी आली. मी कंडक्टरला विचारलं, वर सगळं ठीक? तो म्हणाला, "आमच्या मागं गाड्या यायला पायजे होत्या. दिसल्या न्हाईत." मग म्हणाला, "चहाला थांबले असतील."

थांबला असाल. तुम्ही चहाला थांबला असाल.

रामकिसनरावांना मी ओळखत नाही. त्यांना म्हणावं, तिला आतल्या बाजूला चालवा. तिला दरीकडं बघवत नाही.

तू मला समोर उभं राहून सांगणार होतीस. आता नको सांगू. मला समजलं. मी तुझ्या लायक आहे का नाही हे ठरवायला आता कोणी लागत नाही.

हे सगळं मोठ्यानं वाच. इंद्रभानला हसू येऊ दे, नाहीतर मला शोधायला येऊ दे. आण्णा कमी ऐकतात. त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाच, आणि माझं नाव घेऊन वाच.

ट्रकवाला बोलावतोय.

बिरू